उजवीकडे वळणारे सर

भोरमध्ये मी ज्या खोलीत दोन वर्षं राहिलो तिथल्या भिंतीवर देवाचा फोटो नव्हता, कॅलेंडरही नव्हतं. सायकल होती. दोन लाकडी खुंट्यांवर आडवी टांगलेली, निळी, आणि इतकी स्वच्छ की तिच्याखाली बसून जेवायला मला संकोच वाटायचा. तिच्या बरोबर खाली सरांची गादी. पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं, "सर, ही पडली तर?"

सरांनी वर पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "पडली तर माझ्यावर पडेल. तिला काही लागणार नाही."

मी वेल्हे तालुक्यातला. आमच्या घरात पुस्तकं वाचून पास झालेला पहिला माणूस मी. एम.एस्सी. झाल्यावर भोरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलो. सर तिथे रसायनशास्त्र शिकवायचे. वय पंचेचाळीसच्या पुढे. मूळचे मराठवाड्यातले, नोकरीसाठी इकडे आले ते इकडेच राहिले. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, एसटीत छत्री राहून गेली म्हणावं तसं. मला राहायला जागा नव्हती. त्यांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. "माझ्या खोलीत एक कोपरा मोकळा आहे, फक्त सायकलचा पंप तिथून हलवावा लागेल," एवढंच म्हणाले.

ते सगळ्यांना 'अहो' म्हणत. अकरावीच्या पोरांना 'तुम्ही', शिपाईमामांना 'तुम्ही', कँटीनमागे झोपलेल्या कुत्र्यालाही "सरका बरं तुम्ही." मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, तरी मला 'अहो सर'. मी एकदा म्हणालो, "सर, मला अरेतुरे करा. बरं वाटेल."

"सवय नाही हो," ते म्हणाले. "तोंडात बसत नाही. त्याला घरात कुणी धाकटं असावं लागतं."

पोरांनी त्यांचं नाव 'राऊंड सर' ठेवलं होतं. त्याचं कारण त्यांचा नाद. भोरच्या चारी बाजूंना घाट आहेत. पुण्याहून दर रविवारी रंगीबेरंगी कपड्यातले सायकलवाले येतात आणि वरंध्याकडे नाहीतर वेल्ह्याकडे जातात. सरांना घाट चढायचा नव्हता, लांब जायचं नव्हतं. त्यांना क्रिटेरियम शिकायची होती. ही शर्यत म्हणजे शहरातला एखादा लहानसा चौकोनी रस्ता बंद करायचा आणि सगळ्यांनी घोळक्याने, खांद्याला खांदा लावून, त्याच रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. चार वळणं, पुन्हा तीच चार वळणं. जो फार मागे पडतो, ज्याला पुढचे लोक मागून येऊन गाठणार असं दिसतं, त्याला शिट्टी वाजवून बाहेर काढतात. उरलेल्यांना शेवटच्या फेरीच्या आधी घंटा ऐकू येते.

सर एकदा एकटेच पुण्याला जाऊन अशा शर्यतीत उतरून आले होते. चाळिशीच्या पुढच्यांचा गट. काय झालं ते मला त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "शिट्टी ऐकली. घंटा नाही ऐकली." त्यानंतर त्यांना एवढंच हवं होतं. नंबर नको, पदक नको. घोळक्यात असताना एकदा ती घंटा ऐकायची.

या एका गोष्टीसाठी त्यांचं सगळं चालणं-बोलणं वळणांचं झालं होतं. कॉलेजच्या व्हरांड्यात कोपरा आला की ते आधी बाहेरच्या भिंतीला जात, मग कोपऱ्याच्या आतल्या कडेला घासून पलीकडे बाहेर पडत. तिथून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या शिपाईमामांशी त्यांची टक्कर ठरलेली. "सर, सरळ चालायला काय हुतंय तुमाला?" मामा कपबशा गोळा करत विचारायचे. सर माफी मागायचे आणि वर सांगायचे, "मामा, वळणात ब्रेक दाबायचा नसतो. आधी दाबायचा." मामा म्हणायचे, "म्या दाबला हुता. तुमीच न्हाई दाबला."

वळणात ब्रेक नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. मला सेटची परीक्षा द्यायची होती आणि वडील म्हणत होते, शिरवळला कंपनीत लाग, घरची ओढाताण किती दिवस? मी रोज एक ठरवायचो आणि रोज मोडायचो. सरांनी कधी सल्ला दिला नाही. एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाले, "काय ठरवायचं ते वळणाच्या आधी ठरवा. वळणात शिरल्यावर ठरवणारा पडतो." मी त्याच आठवड्यात अर्ज भरला. आज माझी नोकरी कायम आहे, आणि वर्गात शिरताना अजून कधी कधी मला बटाट्याच्या सालींचा वास येतो.

त्यांची मोठी अडचण म्हणजे सराव. भोरमध्ये चौकोनी, मोकळा, वाहनं नसलेला रस्ता नव्हता. आमच्या गावात होता. नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाच्या मधोमध भैरवनाथाचं देऊळ, त्याला लागून शाळा आणि ग्रामपंचायत, आणि या सगळ्याला वेढा घालून नुकताच झालेला सिमेंटचा रस्ता. मी सहज बोललो आणि सरांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की जणू मी त्यांना जमीन बक्षीसपत्र करून दिली. मी शनिवारी एसटीने घरी जायचो. ते रविवारी सकाळी भोरहून सायकलवर यायचे, कापूरहोळला केळी खाऊन.

पहिल्या रविवारी त्यांनी आमच्या घरून खराटा मागून घेतला आणि चारही वळणं झाडून काढली, वाळूवर चाक घसरतं म्हणून. मग सायकलवर बसले आणि डावीकडे वळत फिरायला लागले. पुण्याची शर्यत डावीकडेच वळत जाते. दुसऱ्या फेरीला देवळाच्या पारावरून गुरवआबा खाली उतरले आणि हात आडवा करून रस्त्यात उभे राहिले.

"सर, उलटं फिरू नका."

"उलटं म्हणजे?"

"देव उजव्या हाताला ठिवून फिरत्यात. डाव्या हाताला घिऊन फक्त मढ्याभवती फिरत्यात. आमचा नाथ जिता हाय."

मी पुढे होऊन समजावणार होतो की ही प्रदक्षिणा नाही, व्यायाम आहे. सर देवळात कधी गेले नव्हते, पुढेही गेले नाहीत. पण त्यांनी एक क्षण देवळाच्या दाराकडे पाहिलं, सायकल उचलली, तोंड फिरवून ठेवली आणि उजवीकडे वळत फिरायला लागले.

तेव्हापासून गावाची समजूत पक्की झाली. माणूस आधी देवाभोवतीचा रस्ता झाडतो, मग तासभर प्रदक्षिणा घालतो. म्हणजे नवस. कुणी म्हणे लग्नाचा, कुणी म्हणे बदलीचा. मी सांगून पाहिलं. गुरवआबांनी शर्यतीचं नाव दोनदा विचारलं आणि म्हणाले, "कीर्तनम का? आसंल. कीर्तनातबी मान असतो की." घंटेचं कळल्यावर ते देवळातल्या घंटेकडे बोट करून म्हणाले, "मग ही काय वाईट हाय? शेवटल्या फेरीला सांगा, वाजवतो." आणि दर रविवारी शेवटच्या फेरीला खरोखरच घण्ण करून घंटा व्हायची.

आबांची आणखी एक सवय होती. आमच्याकडे माणूस समोरून गेला आणि 'कुठं निघाला?' विचारलं नाही तर भांडण आहे असं समजतात. त्यामुळे पारावरून आबा सरांना प्रत्येक फेरीला विचारायचे, "कुठं निघाला सर?" आणि सर दर वेळी मान खाली घालून, धापा टाकत उत्तर द्यायचे, "इथंच!"

"बरं बरं. सावकाश जावा."

मिनिटभरात पुन्हा, "कुठं निघाला सर?" "इथंच!" आबा थट्टा करत होते की खरंच विचारत होते हे मला कधी कळलं नाही. सरांनी मात्र एकही उत्तर चुकवलं नाही.

देवळासमोर हौसाबाई राहतात. एकट्याच. गुडघे गेले तेव्हापासून त्यांच्या प्रदक्षिणा बंद झाल्या होत्या. चारेक रविवार उंबऱ्यावर बसून त्यांनी पाहिलं आणि मग सरांना हाक मारली.

"मास्तर, तुमी फिरताच हाय न्हवं?"

"हो बाई."

"मग माज्या नावाच्याबी पाच घाला की. तुमाला काय जड न्हाई."

सर हसले, बरं म्हणाले. निघणार इतक्यात हौसाबाई पुन्हा म्हणाल्या, "पर पायात घालून नगं हां."

आता सायकलचे ते बूट म्हणजे पायडलमध्ये खट्कन अडकणारे. पायडलही कसले, बोटभर लोखंडी तुकडे. सरांनी उंबऱ्यापाशी बूट काढले, मोजे त्यात खुपसले आणि अनवाणी पायांनी ते लोखंड दाबत पाच फेऱ्या घातल्या. हौसाबाई बोटांवर मोजत होत्या. हा नेम झाला. सराव संपला की बूट काढायचे आणि हौसाबाईंच्या पाच. तळपायाला घट्टे पडले. खोलीवर ते पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे, तेव्हा मी म्हणालो, "सर, त्यांना काय कळणार आहे बूट घातले तरी?"

"त्यांना नाही कळणार," ते म्हणाले, "पण मी कबूल केलंय ना."

घोळक्याचा सराव ही दुसरी अडचण. शर्यतीत शेजाऱ्याचा खांदा लागतो, कोपर लागतं, त्याला बिचकायचं नाही. पण लागायला शेजारी हवा. सरांना शेजारीच नव्हता. दिवाळीनंतर कापूरहोळच्या रस्त्याला मेंढरं उतरली तेव्हा सर सायकल घेऊन कळपात शिरले आणि त्यांच्या चालीने चालवू लागले. चहूबाजूंनी लोकर. मेंढपाळ ओरडला, "ओ सायेब, मेंढरू बिचकंल! काय करताय?"

"धक्का लागला तरी हँडल आवळायचं नाही, ते शिकतोय."

मेंढपाळाने कळपाकडे पाहिलं. "ह्यांच्याकडनं? ह्यांना हँडल कुठं हाय?"

शेवटी माझी पाळी आली. आबांच्या घरची जुनी सायकल घेऊन मी सरांच्या बाजूने चालवू लागलो. "लागा मला," ते म्हणत होते, "खांदा लावा, कोपर लावा, संकोच नको." मला होईना. सरांना धक्का कसा मारायचा? शेवटी डोळे मिटून कोपर लावलं. आणि लागल्याबरोबर, लहानपणापासूनच्या सवयीने, माझा हात हँडल सोडून सरांच्या खांद्याला लागला आणि तिथून नमस्काराला माझ्या छातीकडे आला. आपला धक्का कुणाला लागला की करतो तसा. दोन्ही सायकली, दोन्ही सर, शाळेच्या कुंपणाला. हौसाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "नवसाला इघ्न आलं बया." सर उताणे पडून इतके हसले की मला आधी वाटलं त्यांना लागलंय. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

शर्यत जवळ आली तशी मला काळजी वाटू लागली. सर वर्षभर उजवीकडे वळत होते. पुण्याला सगळं डावीकडे. मी म्हणालो, "सर, शिवऱ्याच्या बाजूला प्लॉटिंग पडलंय. डांबरी रस्ते केलेत, प्लॉट विकले गेले नाहीत, माणूस नाही की कुत्रं नाही. महिनाभर तिथे डावीकडे फिरा."

ते एका रविवारी गेले. दुपारी खोलीवर आले तेव्हा मी विचारलं, कसं झालं. सायकल पुसता पुसता म्हणाले, "रस्ता उत्तम आहे. वळणंही हवी तशी." मग चेन पुसली, चाकाची एकेक तार पुसली. "सगळा वेळ फिरलो," ते म्हणाले. "कुठं निघालात, असं कुणी विचारलं नाही."

पुढच्या रविवारी ते पुन्हा आमच्या गावात, हातात खराटा.

"पण सर, घंटा?" मी म्हणालो.

"हौसाबाईंच्या दोन रविवारच्या थकल्या असत्या," ते म्हणाले, आणि झाडू लागले.

आता त्यांची संस्थेने लांबच्या शाखेत बदली केली आहे. फोन केला तर उचलतात, मोजकं बोलतात, हौसाबाईंची विचारपूस करतात. हौसाबाई अजून उंबऱ्यावर बसतात. पुण्याचे सायकलवाले वाट चुकून गावात आले की त्यांना हाक मारून म्हणतात, "आरं पोरांनो, माज्या नावाच्या पाच घाला." त्या पोरांना काही कळत नाही. त्यांच्याबरोबर फोटो काढतात आणि निघून जातात.

त्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी सर आमच्या घरी मुक्कामाला आले, कारण पुण्याला जाणारा दुधाचा टेम्पो गावातून सुटतो. आईने त्यांना आग्रह करकरून वाढलं. ते सारखे म्हणत होते, "पुरे हो, पुरे." सकाळी कॅनच्या मधे सायकल उभी करून आम्ही चढलो, तेवढ्यात हौसाबाई काठी टेकत टेम्पोपाशी आल्या.

"मास्तर, आज ऐतवार. माज्या फेऱ्यांचं?"

"तिकडे घालतो."

"तिकडं द्येव हाय का?"

सरांनी जरा विचार केला. "मधे काहीतरी असेलच."

मधे कारंजं होतं, बंद. एका नव्या वसाहतीचे चकचकीत रस्ते प्लास्टिकचे शंकू लावून अडवले होते. माणसं होती, लाऊडस्पीकर होता, आणि एका टेबलावर पितळेची घंटा टांगली होती. सरांनी मला ती डोळ्यांनी दाखवली.

ते घोळक्यात सुरुवातीला छान दिसले. खांद्याला खांदा लागत होता, ते बिचकत नव्हते. सरळ रस्त्यावर मला त्यांची निळी सायकल इतरांच्यात मिसळलेली दिसायची आणि मला भरून यायचं. पण वळण आलं की सगळे एखाद्या ओघळासारखे डावीकडे वाकायचे आणि सर तेवढे ताठ राहायचे. मागचा कुणी ओरडायचा, "काका, लाइन धरा!" वळणात त्यांचं अंतर पडायचं, सरळ रस्त्यावर ते जीव खाऊन भरून काढायचे, पुढचं वळण ते पुन्हा पाडायचं. काही फेऱ्यांनी भरून निघेना. घोळका पुढे गेला आणि रस्त्यावर सर एकटे उरले. ते तोंड उघडं टाकून, मान खाली घालून चालवत होते. मी शिट्टी वाजू नये म्हणून मनात भैरवनाथाला हात जोडत होतो. शिट्टी वाजली.

ते येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. बराच वेळ श्वास लागला होता. मग घोळका आला आणि घंटा वाजली. इतरांसाठी. सरांनी कान देऊन ऐकली.

"आवाज बारीक आहे," ते म्हणाले. "आबांचीच बरी."

बक्षिसं वाटून झाली. माणसं पांगली. लाऊडस्पीकर उतरवला, घंटा कुणीतरी गाडीच्या डिकीत टाकली. पोरं शंकू गोळा करायला लागली. मी म्हणालो, "सर, निघू या. टेम्पो वाट बघत असेल." सर फुटपाथच्या कडेला बसले होते. त्यांनी एकेक बूट काढला, मोजे काढून त्यात खुपसले आणि बूट माझ्या हातात दिले.

मग कारंजं उजव्या हाताला घेऊन ते निघाले.

"ओ काका," शंकू उचलणारा ओरडला, "उलटे चाललात! उलटं आहे ते!"

"सुलटं आहे," सर त्याच्याजवळून जाताना म्हणाले.

त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या रस्त्यावर एक माणूस अनवाणी सायकल चालवत होता. वळणावर तो उजवीकडे असा सुंदर वाकायचा की शंकूवाला पोरगाही हातातला शंकू तसाच धरून बघत राहिला. उन्हं वर आली होती. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. सर माझ्यासमोरून जायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. तिसऱ्या फेरीला मला ते कुठंतरी फार लांब, एकटे जात आहेत असं वाटलं, आणि मी त्यांचे बूट छातीशी धरून, लोक काय म्हणतील याचा विचार न करता, आबांच्यासारखा ओरडलो, "कुठं निघाला सर?"

ते पुढे निघून गेले. ऐकू गेलं की नाही कळलं नाही. चौथ्या फेरीला मी पुन्हा विचारलं. त्यांनी नुसता हात वर केला.

पाचव्या फेरीला ते शेवटच्या वळणातून बाहेर पडले. घामाने चेहरा चमकत होता, तळपायांची वाट लागली असणार. मी सगळा जोर लावून ओरडलो, "कुठं निघाला सर?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"इथंच रे!"